सातव्या दिवसाची प्लेट

माझ्या मुलीचा उजवा गुडघा दुखतोय आणि ती ते कोणाला सांगत नाहीये. आज रविवार म्हणून ती घरी आली होती. जायला निघाली तेव्हा मी दारात उभी होते. पहिल्या चार पायऱ्या ती नीट उतरली, कारण मी बघतेय हे तिला माहीत होतं. वळणाच्या पलीकडे गेल्यावर मात्र कठडा धरून, एक पाय खाली, मग दुसरा त्याच्या शेजारी, अशी दोन वर्षांच्या पोरासारखी उतरायला लागली. मी कठड्यावरून वाकून बघत होते. तिनेही वर बघितलं.

"आमच्याकडची लिफ्ट बंद आहे," ती म्हणाली. "आठ दिवस चार मजले चढतेय. गुडघा कुरकुरणारच."

"आठ दिवस कुरकुरतोय?"

"आई, लॅबमध्ये मॅडमना फोन करायचा नाही हं. शपथ घे."

मी शपथ घेतली नाही, नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे तिने आपल्या सोयीने ठरवलं आणि गेली.

दुसऱ्या कोणाच्या मुलीचा गुडघा असता तर मी गरम पाण्याची पिशवी सांगून गप्प बसले असते. पण माझी मुलगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. हाडांत आणि सांध्यांत शिरून बसलेले जंतू शोधून काढणं हे तिचं काम. पाच महिन्यांपूर्वी तिने त्यातलाच एक, क्वचित सापडणारा, स्वतःच्या नाकाने हुंगला. अंगात शिरायला त्याला तेवढं पुरतं. शिरल्यावर तो कधीकधी महिनोन्‌महिने गुपचूप बसतो, आणि उठला की आधी मणके आणि मोठे सांधे धरतो.

हे नीट सांगायचं तर तिच्या नाकापासूनच सुरुवात करायला हवी.

तिला घरात नकटी म्हणतात. ती चार दिवसांची असताना तिच्या बाबांनी हे नाव ठेवलं. मी चिडले तर म्हणाले, "अगं, आत्ताच म्हणून घेऊ, म्हणजे पुढे लोक म्हणाले तर तिला काही वाटणार नाही." नाक बसकं खरं, पण काहींचे कान तिखट असतात तसं हिचं नाक तिखट निघालं. आज संध्याकाळी दूध नासणार हे ती सकाळी सांगायची. शेजाऱ्यांनी साबण बदललेला तिला भिंतीपलीकडून कळायचा. बाबा घरात पाऊल टाकायच्या आत ही आतून ओरडायची, "आज दोन ओढल्यात." त्यांची सिगरेट डॉक्टरांनी सोडवली नाही, हिने सोडवली. "घरात पोलिसी कुत्रं पाळलंय," असं ते सगळ्यांना कौतुकाने सांगायचे.

तिला डॉक्टर व्हायचं होतं. थोडक्या मार्कांनी हुकलं. ती दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी लॅबच्या अभ्यासक्रमाचा फॉर्म घेऊन आली. मी जास्त दिवस रडले. आज लिहितेच आहे तर हेही लिहिते: पुढची कित्येक वर्षं नातेवाइकांनी विचारलं की मी "हॉस्पिटलमध्ये असते" एवढंच सांगायचे आणि पुढचं त्यांना समजायचं ते समजू द्यायचे.

मग एकदा मी तिची लॅब बघितली. लांब बोळाच्या शेवटी, दोन खिडक्यांची खोली. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे. एक फ्रिज, त्यावर "खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत" असा कागद. कोपऱ्यात इनक्युबेटर, म्हणजे आत अंगाइतकी ऊब असलेलं कपाट. डॉक्टर सांध्यातलं पाणी किंवा हाडाचा तांदळाएवढा कण पाठवतात. ती तो काचेसारख्या गोल प्लेटवर पसरते. प्लेटमध्ये जंतूंचं खाद्य थापलेलं असतं, लाल जेलीसारखं. मग प्लेट कपाटात. रोज सकाळी ती एकेक प्लेट उजेडाकडे धरून तिरकी करून बघते. मुलाच्या कानात मळ आहे का ते आई बघते ना, अगदी तसं.

"बहुतेक जंतू एका रात्रीत उगवतात," तिने मला सांगितलं होतं. "धक्काबुक्की करत. पण काही लाजाळू असतात. त्यांना आठवडा लागतो, कोणाला दोन. आणि आमचा नियम काय, पाच दिवस. पाचव्या दिवशी प्लेट बाहेर आणि रिपोर्टवर लिहायचं, वाढ नाही. लाजाळू पाहुणा दारापर्यंत आलेला असतो, आपण दिवे मालवून झोपतो, आणि सकाळी म्हणतो, कोणी आलंच नाही."

नियम असा का, तर कपाट एक आणि नमुने शंभर.

तिला हे काम शिकवलं एका म्हाताऱ्या तंत्रज्ञाने. सगळे त्यांना काका म्हणायचे. काका प्लेटचं झाकण किंचित उचलून नाकाखालून फिरवायचे आणि जंतूचं नाव सांगायचे. एकाला पिकलेल्या द्राक्षांचा वास, एकाला करपलेल्या साखरेचा, एकाला ओल्या मातीचा. नकटी त्यांची लाडकी शिष्या झाली, यात नवल नाही. काका निवृत्त झाले, नव्या मॅडम आल्या आणि पहिला नियम आला, प्लेटचा वास घ्यायचा नाही. काही जंतू श्वासातून आत जातात. भिंतीवर तशी पाटी लागली. अक्षर चांगलं म्हणून ती पाटी नकटीनेच लिहिली. आणि मॅडम खोलीत नसल्या की त्याच पाटीखाली उभी राहून ती वास घ्यायची. हे मला पाच महिन्यांपूर्वी कळलं.

पाच महिन्यांपूर्वी तिच्याकडे एका शिंप्याचा नमुना आला. पन्नाशीचा माणूस. आठ महिने कंबर दुखत होती. आधी म्हणाले, मशीनवर वाकून बसतो म्हणून दुखतंय. मग म्हणाले, मणक्यांमधली गादी सरकली असेल. संध्याकाळी बारीक ताप यायचा, पहाटे उशी घामाने भिजायची. तोवर त्याला मशीनवर दहा मिनिटंही बसवेना. फोटोत मणका पोखरलेला दिसला तेव्हा सगळ्यांना वाटलं, हाडाचा क्षय. त्याचं लांबलचक औषध चालू करणारच होते, पण एका वयस्कर डॉक्टरांनी अडवलं. म्हणाले, आधी चोर बघू, मग बेड्या घालू. सुई घालून मणक्यातला कण काढला आणि तो नकटीच्या टेबलावर आला.

तिच्या टेबलावर लॅबचा फोन आहे. दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला तो वाजला.

"मी शिंप्याची बायको बोलतेय. काही उगवलं का हो?"

कुंडीत बी टाकल्यासारखं तिने विचारलं. नकटीला हसू आलं. "नाही हो काकू, अजून काही नाही. रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांकडे जाईल. इथे फोन करायचा नसतो."

"बरं बरं," काकू म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा फोन. "काही उगवलं का हो?"

तिसऱ्या दिवशी नकटीने मला चिडून सांगितलं. चौथ्या दिवशी म्हणाली, "तुझीच बहीण शोभते." मी तेव्हा लॅबच्या नंबरवर फार फोन करायचे. ती मोबाईल लॉकरमध्ये ठेवते, उचलत नाही, मग मी करणार काय? मॅडमनी दोनदा फोन उचलला होता. एकदा मी त्यांना विचारलं होतं, नकटी जेवली का. त्यानंतर मला त्या नंबरची बंदी झाली.

पाचव्या दिवशी शिंप्याच्या प्लेटा स्वच्छ होत्या. नकटीने त्या कचऱ्याच्या पिशवीजवळ नेल्या, आणि घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली, म्हणजे खरे दहा. फोन वाजला.

"काल नाही, परवा नाही. आज तरी काही उगवलं का हो?"

"मला सांगता येईना गं," ती मला म्हणाली. "एका हातात फोन, दुसऱ्या हातात प्लेट, आणि खाली पिशवी. काकूंना काय सांगू, टाकतेच आहे म्हणून?"

ती म्हणाली, "काकू, अजून थोडे दिवस ठेवते." प्लेटा पट्टी लावून सगळ्यात खालच्या फळीवर, मागे सरकवल्या.

सातव्या दिवशी प्लेट तिरकी केली तर लाल जेलीवर दवाचे ठिपके असावेत तसं काहीतरी होतं. सुईच्या टोकाएवढं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. अशी बारीक उशिरा येणारी वाढ आधी हवा आत ओढणाऱ्या काचेच्या पेटीत न्यायची असते. तिथेच झाकण उघडायचं. हे तिला झोपेतही माहीत आहे. पण सात दिवस वाट बघायला लावलेला पाहुणा शेवटी दारात उभा होता. पट्टी निघाली, झाकण उचललं गेलं आणि हात आपोआप नाकाकडे गेला.

"वास कसला होता?" मी तिला नंतर विचारलं.

"कसलाच नाही. द्राक्षं नाहीत, माती नाही. काही म्हणजे काही नाही."

तिने काचेवर थेंब पसरून रंग दिला आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं. बारीक वाळू सांडल्यासारखे जंतू. तेव्हा तिने प्लेटचं झाकण लावून पट्टी परत चिकटवली. पुढची तपासणी तिने पेटीत केली. पिवळ्या द्रवाची नळी पंधरा मिनिटांत गुलाबी झाली, म्हणजे तिला नको होता तोच जंतू. मग ती मॅडमच्या खोलीत गेली आणि दोन वाक्यं बोलली. पहिलं, "शिंप्याचा जंतू बहुतेक सापडला." दुसरं, "मी त्याचा वास घेतलाय."

मला माझ्या मुलीचा अभिमान नक्की कधी वाटला असं कोणी विचारलं, तर मी त्या दुसऱ्या वाक्याकडे बोट दाखवेन. ते न बोलता तिला सहज निभावून नेता आलं असतं.

मॅडम उठून लॅबच्या भिंतीवरच्या पाटीपाशी गेल्या. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"वाच."

तिला ते मोठ्याने वाचावं लागलं. मग मॅडम म्हणाल्या, "तुला काही झालं ना, तर या टेबलावर पुन्हा बसू देणार नाही. नमुने घ्यायच्या खिडकीवर बसशील, आयुष्यभर." त्या घाबरल्या होत्या, हे मला ऐकतानाच कळलं. घाबरलेली बाई अशीच बोलते, मला अनुभव आहे. नकटीने मात्र ते वाक्य जसंच्या तसं गाठीला बांधलं. तिच्या लेखी ती खिडकी म्हणजे काळं पाणी.

मोठ्या लॅबमधून नाव पक्कं होऊन आलं, ब्रुसेला. हा जंतू गुरांचा आणि शेळ्यामेंढ्यांचा. शिंप्याला पूर्वी विचारलं होतं, घरी जनावरं आहेत का. त्याने नाही सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. आता वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, "दूध कोणतं पिता?"

"शेळीचं. शेजारीण देते. न तापवता पितो, ताकद जाते ना तापवून."

"किती वर्षं?"

"दोन झाली. कंबर दुखायला लागल्यापासून पेला मोठा केलाय."

त्याला तीन आठवडे इंजेक्शनं आणि कित्येक महिन्यांच्या गोळ्या लागल्या. नकटीला खबरदारी म्हणून तीन आठवडे गोळ्या. त्यातल्या एका गोळीने अंगातलं सगळं पाणी केशरी होतं. तिच्या पांढऱ्या कोटाची कॉलर केशरी झाली. बाबा म्हणाले, "नाकाने पाप केलं आणि कॉलरने कबूल केलं." शिवाय सहा महिने दर सहा आठवड्यांनी रक्त तपासायचं आणि रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघून तक्त्यात लिहायचा. तक्ता दर सोमवारी मॅडमना दाखवायचा. आतापर्यंतच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्यात. शेवटची महिन्याने आहे.

दोन महिन्यांपूर्वी शिंपी स्वतःच्या पायांनी बोळ चालत लॅबच्या दारापर्यंत आला. बरोबर काकू. "फोनवरून तुम्ही मोठ्या वाटत होता," काकू नकटीला म्हणाल्या. पिशवीत पांढरा कोट होता, नवा, त्याने मशीनवर बसून शिवलेला. माप कोणी दिलं होतं कोण जाणे, मॅडमनीच दिलं असणार. उरलेल्या कापडाची एक छोटी चौकोनी पट्टी होती, दोन बाजूंना नाड्या. त्यावर चिठ्ठी टाचलेली: नाकासाठी. ती पट्टी आता त्या पाटीखाली खिळ्याला टांगलेली असते. आणि मॅडमनी नियम बदलला. हाडांच्या आणि सांध्यांच्या प्लेटा आता चौदा दिवस ठेवतात. त्यासाठी भांडून दुसरं कपाट मिळवलं. त्या कपाटाने दोन महिन्यांत आणखी दोन लाजाळू पाहुणे पकडले. एक कोणाच्या तरी आजीच्या बदललेल्या खुब्यातला, एक माळ्याच्या गुडघ्यातला, काटा घुसला होता त्याला. दोघंही सुधारतायत. नकटी हे सांगताना हातवारे करते, तेव्हा मला वाटतं की ती डॉक्टर झाली नाही हे त्या दोघांचं नशीब.

आता आजचं सांगते. चहा झाल्यावर तिने पर्समधून तक्ता काढला आणि टेबलाशी बसून लिहायला लागली. मी कप उचलायला गेले. पूर्ण आठवडा, सकाळ-संध्याकाळ, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. चौदा वेळा. एकच पेन, एकच तिरकेपणा, आणि खालच्या ओळींत आकडे जरा मोठे, घाईचे.

मी तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली आहे. रोज घेतलेली हजेरी आणि तपासणी येणार म्हणून एका बैठकीत भरलेली हजेरी यांतला फरक मला लांबून दिसतो. मीही एकदा भरली होती, म्हणून तर दिसतो.

"थर्मामीटर कुठे आहे तुझा?" मी विचारलं.

"लॅबमध्ये."

"मग संध्याकाळचा ताप कशाने बघतेस?"

तिने पेनाला टोपण लावलं. "आई, माझी तब्येत मला कळते."

हीच मुलगी. डोळ्यांना दिसलं नाही ते रिपोर्टवर लिहायचं नाही, म्हणून जिने वरिष्ठांशी वाद घातलेत. ताप असेलच असं माझं म्हणणं नाही. निरोप देताना मी तिच्या कपाळाला हात लावला, ते कोमट होतं, पण तिने नुकताच चहा घेतला होता. गुडघा कदाचित खरंच जिन्यांचा असेल. मला छळतंय ते दुसरंच. तिला बघायचंच नाहीये. बघितलं आणि काही निघालं, तर टेबल जाईल असं तिने धरून ठेवलंय. शिंप्याने कंबर दुखते म्हणून पेला मोठा केला, हिने गुडघा दुखतो म्हणून तक्ता सुंदर केला.

तिच्या बाबांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू फोन केलास तर ती महिनाभर तुझ्याशी बोलणार नाही. नाही केलास तर महिनाभर तू मला झोपू देणार नाहीस. माझा विचार करशील तर कर फोन." आणि कूस बदलून घोरायला लागले.

मी मात्र बसून हिशेब मांडला, माझ्या पद्धतीने. शिंप्याच्या मणक्यात तो जंतू आठ महिने घर करून होता, तरी माणूस मशीनवर परत बसला. हिचे तर आठच दिवस झालेत. जंतू निघालाच, तर ओळखीचा आहे, औषध माहीत आहे, आणि त्याला शोधणारी माणसं एका खोलीत बसलेली आहेत. नाही निघाला, तर लिफ्टवाल्यांना शिव्या देऊ. दोन्हीकडून भीती वाटावी असं काही नाही. फक्त बघायला हवं. आणि मॅडम तिला खिडकीवर बसवतील, हे मला खरं वाटत नाही. कोटाचं माप देणारी बाई ती.

तरीही माझा हात अडला होता तो त्या बंदीमुळे. आईने मोठ्या मुलीच्या कामाच्या ठिकाणी फोन करू नये, हे मलाही पटतं. पण मग मला काकू आठवल्या. त्यांनाही सांगितलं होतं, इथे फोन करायचा नसतो. त्या "बरं बरं" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी दहाला त्यांनी फोन केला. त्यांनी ऐकलं असतं तर पाचव्या दिवशी ती प्लेट पिशवीत गेली असती.

उद्या सकाळी दहाला मी लॅबच्या नंबरवर फोन करणार आहे. त्यांच्या घड्याळात तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झालेली असतील. फोन तिच्या टेबलावर आहे, बहुतेक तीच उचलेल. तिला मी एवढंच म्हणेन की आज शेवटच्या तपासणीची वाट न बघता रक्त दे, खरा ताप बघ, आणि तो तक्ता फाडून मॅडमना तू स्वतः सांग, त्या दिवशी दोन वाक्यांत सांगितलंस तसं. ती चिडेल. चिडू दे. मॅडमनी उचलला तर त्यांना सगळं मी सांगेन, आणि ती जेवली का हे या वेळी विचारणार नाही.

आणि परवा दहाला पुन्हा फोन करेन, काही उगवलं का ते विचारायला.